टोपणनावाचं कारण, दोन ओळींत

“हा ‘तिसरा बूट’ कोण?” काचेपलीकडच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा मी सचिवाला शोभेल अशी मान ताठ केली आणि म्हणाले, “आमच्या गावचे एक सन्माननीय सदस्य आहेत.”

“ते ठीक. पण कोण?”

ते मलाही माहीत नव्हतं. आमचं केब्रादा मान्सा एवढंसं गाव. कोणाच्या चुलीवरचा राजमा आज करपला हे मी वासावरून सांगू शकते. पण गेली दोन वर्षं गावाच्या ऑनलाइन पानावर रोज सकाळी “शुभ सकाळ, ओढ्याला पाणी किती?” असं विचारणारा हा तिसरा बूट कोणाच्या पायातला, हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

“आणि ‘सोमवारी बंद’? ‘आम्ही नव्हे’? हे काय, ‘उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला’? ही मतदारांची यादी आहे की भंगारवाल्याची?”

साहेबांच्या खिडकीवर ‘ग्रेविन’ अशी पाटी होती. माणूस चाळिशीचा, टापटीप, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. तीन पेनं लावणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, असं माझं मत आहे. मी घातला.

प्रकरण असं होतं. गावाच्या वरच्या अंगाला आमचा झरा आहे. त्याचं पाणी आमची पाणी समिती नळाने घरोघर देते, आणि या समितीची मी सचिव. का, तर माझं अक्षर चांगलं. शाळा सहावीत सुटली, पण अक्षर काही सुटलं नाही. तर राजधानीतल्या मोठ्या कार्यालयाने कळवलं की झरा त्यांच्या ताब्यात द्यावा, नाहीतर गावाने ठराव करून सांगावं की नाही देत. सभा बोलावली त्याच आठवड्यात ओढ्याने पूल वाहून नेला. निम्मं गाव अलीकडे, निम्मं पलीकडे. म्हणून मतदान घेतलं ऑनलाइन पानावर. एकसष्ट जणांनी सांगितलं, झरा आमचाच. मी सुवाच्य अक्षरात इतिवृत्त लिहिलं, एकसष्ट नावं उतरवली आणि पूल बांधून झाल्यावर तालुक्याला घेऊन आले. नावं जशी पानावर होती तशीच उतरवली. सचिवाने आपल्या मनाचं काही घालू नये.

आता ती नावं अशी का? त्यात गावाचा काही दोष नाही. आमच्याकडे जो ब्रेनेस नाही तो किरोस आहे, आणि जो दोन्ही नाही तो जावई आहे. शाळामास्तरांनी ते पान तयार केलं तेव्हा पहिल्या मारिया ब्रेनेसने आपलं नाव घातलं आणि आत गेली. दुसरी मारिया ब्रेनेस गेली तर यंत्र म्हणालं, हे नाव आधीच घेतलेलं आहे. तिसरीलाही तेच. चौथीने यंत्राला उद्देशून जे लिहिलं तेच तिचं नाव म्हणून पक्कं झालं, आणि ते मी इतिवृत्तात उतरवताना एक अक्षर गाळलं. बाकीच्यांनी मग नावाचा नाद सोडला आणि मनात आलं ते लिहिलं.

हे सगळं ऐकून ग्रेविनसाहेबांनी एक फॉर्म पुढे केला. आमच्याकडे सरकारी ओळखपत्रावरसुद्धा खऱ्या नावाखाली ‘या नावाने ओळखला जातो’ असं छापून घेता येतं. त्याच धर्तीवरचा हा दाखला. नाव, ओळखपत्राचा क्रमांक, पत्ता, टोपणनाव, आणि शेवटचा रकाना: टोपणनावाचं कारण, दोन ओळींत.

“असे किमान पन्नास दाखले,” साहेब म्हणाले, “पुढच्या शुक्रवारनंतरचा जो शुक्रवार, त्या दिवशी दुपारी तीनच्या आत. नाहीतर ठराव रद्द आणि झरा राजधानीकडे.”

“आणि कारण कशाला हवं?”

“माणूस खरा आहे की नाही ते कारणावरून कळतं. खोट्या माणसाला कारण नसतं.”

हे वाक्य त्यांना वरून आलं होतं की त्यांचं स्वतःचं होतं कोण जाणे. मी मात्र कोरे फॉर्म पिशवीत घालून निघाले. अकरा दिवस होते.

गावात पोचायच्या आत गावाला कळलं होतं, आणि सल्ला तयार होता. समितीचे अध्यक्ष डॉन विल्बर्थ (आमच्याकडे मानाने पुरुषाला डॉन म्हणतात, बाईला डोन्या) म्हणाले, “ओदिली, तुम्ही उगाच खोलात शिरू नका. कारणाच्या जागी सगळ्यांचं ‘आवड’ असं लिहा. आवड! कोण काय म्हणणार?” शेजारची लिग्या म्हणाली, चर्चमध्ये रविवारी प्रार्थनेनंतर एकेकाला उभं करा आणि नाव विचारा. माझा नवरा एदगार म्हणाला, “मी गाडी चालवतो, तू विचार.” एवढा उपयोगी सल्ला दुसऱ्या कोणी दिला नाही. खरं तर पानावरच जाहीर करून सगळ्यांना फॉर्म भरायला बोलावता आलं असतं. तसं मी केलंही. चार जण आले. त्यातले दोघे कॉफी प्यायला आले होते.

मग मी घरोघर निघाले.

पहिला मुक्काम डोन्या सोराइदाची खानावळ. “‘सोमवारी बंद’ तुम्हीच ना?” मी विचारलं. हे मात्र मी ओळखलं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

“मीच.”

“पण खानावळ तर सोमवारी उघडी असते.”

“खानावळ कुठे बंद म्हटलंय? मी बंद असते.” तिने तव्यावरची मक्याची भाकरी उलटली आणि आतल्या खोलीकडे मान वेळावली. आत तिचा नवरा टीव्ही बघत होता. “लग्नाच्या पहिल्या वर्षी सोमवारी भांडण झालं. मी दिवसभर बोलले नाही. इतकं बरं वाटलं! मंगळवारी बोलले. पुढच्या सोमवारी पुन्हा नाही बोलले. एकतीस वर्षं झाली.”

“आणि त्यांना काय वाटतं?”

“त्यांना वाटतं सोमवारी माझा घसा बसतो. मध लिंबू देतात बिचारे.”

आता सांगा, हे दोन ओळींत कसं बसवायचं? भांडण कशावरून झालं हे विचारायला नको होतं. विचारलं. त्यात दीड तास गेला आणि तीन कप कॉफी. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूलाही मी लिहिलं, आणि निघताना सोराइदा म्हणाली, “हे साहेब वाचणार ना? मग दुसरं कारणही लिहा,” आणि तिने मला परत बसवलं.

त्या दिवसापासून माझा तोल गेला तो गेलाच. खरं तर मला फक्त सही हवी होती. पण एकदा एका माणसाचं कळलं की दुसऱ्याचं कळल्याशिवाय राहवत नाही. चण्यांसारखं आहे ते. रोज दहा घरं करायचं ठरवून मी निघायची आणि पाचव्या घरी संध्याकाळचे चार वाजायचे. लोक दारात फॉर्म घ्यायचे, शेवटचा रकाना वाचायचे आणि खुर्ची पुढे करायचे. चाळीस वर्षं एकमेकांच्या कुंपणाला कुंपण लावून राहणारी माणसं, पण हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

तिसरा बूट पुलापलीकडे सापडला. डॉन एवेलिओ किरोस, सात गायी, एक दात. जुन्या पुरात त्यांच्या अंगणात तीन बूट वाहून आले. दोन त्यांचेच होते, गोठ्यातून गेलेले, ओढ्याने प्रामाणिकपणे परत आणून दिले. तिसरा कोणाचा ते कळेना. डावा, तपकिरी, जवळजवळ नवा.

“तो मी जपून ठेवलाय,” ते म्हणाले. “पानावर तेच नाव घेतलं. म्हटलं, ज्याचा असेल तो वाचेल आणि येईल.”

“आणि आला नाही तर?”

“एवढ्यात कुठे? आठच वर्षं झाली.”

त्यांनी तो आणून दाखवला. त्याला दर महिन्याला मेण लावतात. मी बूट हातात घेतला, आत पाहिलं, उगाचच वासही घेतला. सचिवाने असं करायचं नसतं, पण कोणाचा असेल या विचाराने मला घरी जाईपर्यंत चैन पडेना. एदगार म्हणाला, “तू आता बुटाचाही दाखला आणणार का?”

पहिले बारा दाखले झाल्यावर मी ते तालुक्याला दाखवून आणायचं ठरवलं. चूक असेल तर आधीच कळावी. चूक होती.

“नाव आणि पत्ता उलटे भरलेत,” ग्रेविनसाहेब म्हणाले आणि डॉन मिसाएलचा दाखला काचेला चिकटवला. टोपणनाव: उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला. पत्ता: डोन्या एलोडियाच्या समोर.

“बरोबर आहे ते,” मी म्हणाले.

“नावाच्या जागी पत्ता आहे, पत्त्याच्या जागी बाई आहे.”

“ते एलोडियाच्या समोरच राहतात हो! आणि जन्मभर लोक त्यांना ‘तो उंबरापासून दोनशे मीटरवाला’ असंच म्हणत आले. लग्नाच्या पत्रिकेतही तेच छापलं होतं. पुढे घर विकून ते एलोडियासमोर राहायला गेले, तरी नाव तेच राहिलं.”

“म्हणजे उंबरापासून दोनशे मीटरवर ते राहतच नाहीत?”

“नाही.”

“मग तिथे कोण राहतं?”

“त्यांचा पुतण्या. त्याचं टोपणनाव ‘डोन्या एलोडियासमोरचा’. कारण तो लहानपणी तिथे राहायचा.”

साहेबांनी पहिलं पेन काढलं, परत ठेवलं, दुसरं काढलं. “निदान तो उंबर मला नकाशावर दाखवा.”

“उंबर पडून तीस वर्षं झाली.”

यावर ते हसतील असं तुम्हाला वाटेल. पण या कार्यालयाचा स्वतःचा पत्ता ‘जुन्या साबणाच्या कारखान्यापासून शंभर मीटर पश्चिमेला’ असा आहे, आणि तो कारखाना माझ्या आईनेही पाहिलेला नाही. त्यामुळे ते हसले नाहीत. नियमाप्रमाणे बाराच्या बारा दाखले परत केले, प्रत्येकाला उंबर कुठे होता याचा हाताने काढलेला नकाशा जोडायला सांगितला, आणि मी पाठ फिरवल्यावर हळूच विचारलं, “त्या बुटाचा मालक मिळाला का?”

“नाही अजून.”

“कळवा,” ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की साहेब मागची बाजूसुद्धा वाचतात.

आठव्या दिवशी मी सोलानो बाईंकडे गेले. थोरल्या बाई आणि धाकट्या बाई, दोघी बहिणी, दोघींनी मिळून गावाला तीन पिढ्या अक्षरओळख करून दिली. मलाही. दोघींत एक फोन, आणि पानावर दोघींत मिळून एक नाव: ‘आम्ही नव्हे’.

“लहानपणी घरात काही फुटलं की आम्ही दोघी एकदमच म्हणायचो,” धाकट्या बाई म्हणाल्या.

“आणि फोडायची ही,” थोरल्या बाई म्हणाल्या.

“पण मत दोघींचं मिळून एकच पडलंय, तर सही कोणाची घेऊ? बटण कोणी दाबलं?”

“मी नाही,” दोघी एकदम म्हणाल्या.

मग वाद सुरू झाला. थोरल्या म्हणाल्या, फोन हिच्या हातात होता. धाकट्या म्हणाल्या, पण चष्मा हिच्या डोळ्यांवर होता. चष्माही दोघींत एकच. मी गुळाचं गरम पाणी पीत बसून राहिले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीही त्या खोलीत मला मध्ये बोलायची हिंमत होत नाही. शेवटी थोरल्या बाईंनी सही केली, धाकट्या बाईंनी त्यांच्या हाताला हात लावला आणि मी तसं कारणात लिहिलं. फॉर्म देताना थोरल्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. “आणि तुझं गं, ओदिली? पानावर सचिव म्हणून लिहितेस ते समितीच्या नावाने. तुझं स्वतःचं काय नाव आहे?”

“माझं काही विशेष नाही, बाई,” मी म्हणाले आणि फॉर्म पिशवीत घालू लागले.

हा प्रश्न मला घराघरात येत होता, आणि घराघरात मला अचानक दुसरीकडे जायचं असायचं. आता तुम्हाला सांगायलाच हवं. एकसष्ट नावांत एक नाव माझं होतं. ते नाव ‘दुसरी उपविजेती’.

सतरा वर्षांची असताना मी उसाच्या जत्रेत सौंदर्यस्पर्धेला उभी राहिले होते. निकाल लागला: राणी, पहिली उपविजेती, आणि दुसरी उपविजेती मी. आईने त्याच संध्याकाळी राजधानीतल्या मावशीला पत्र लिहिलं. मावशीने सगळ्या गल्लीला सांगितलं. पुढे एदगारचं स्थळ आलं. तो डोंगरापलीकडचा. त्यालाही पहिल्याच भेटीत हे सांगण्यात आलं, आणि तेव्हापासून दाताच्या डॉक्टरपासून टपालवाल्यापर्यंत तो प्रत्येकाला सांगतो, “माझी बायको उपविजेती आहे बरं का.” बसमध्ये, दवाखान्यात, अनोळखी माणसांच्या अंत्यविधीतसुद्धा. या सगळ्या वर्षांत एकाही माणसाने मला विचारलं नाही की स्पर्धेत मुली होत्या किती.

तीन होत्या.

यंत्र ओदिली ब्रेनेस हे नाव घेईना तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी एकटी होते. म्हटलं, कोणाला कळणार आहे? एकदा तरी ते कुठेतरी लिहिलेलं बघावं. लिहिलं. छान दिसलं. किती जणींत, ते तिथे विचारत नव्हते.

म्हणून गुरुवारी दुपारी पन्नासावा दाखला हातात आला, तेव्हा मी चर्चच्या पायरीवर बसून हुश्श केलं. पन्नास झाले. माझा एक्कावन्नावा लागणारच नव्हता. मी माझा कोरा फॉर्म पिशवीच्या तळाशी ढकलला आणि घरी जाऊन नऊ तास झोपले. अकरा दिवसांत मी दोनशेच्या वर कप कॉफी प्यायले होते, तरीही.

शुक्रवारी गाव माझ्याबरोबर निघालं. बोलावलं नव्हतं कोणाला. एदगारने पिकअप दारात लावली तर मागे सोराइदा टोपलीभर भाकऱ्या घेऊन बसलेली, डॉन एवेलिओ बूट पिशवीत घेऊन (“साहेबांना बघायचाय म्हणे”), पुढे सोलानो बाई दोघी, आणि अध्यक्ष डॉन विल्बर्थ. त्यांचा चेहरा उपाशी माणसासारखा ओढलेला होता.

“तुम्हाला बरं नाही का?” मी विचारलं.

“यायलाच हवं का हो?” ते म्हणाले. “तुम्ही सगळं छानच केलंय. मी वाटेत उतरतो.”

उतरू दिलं नाही.

कार्यालयात पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. ग्रेविनसाहेबांनी दाखले एकेक करून लावले. खिडकीसमोर आमची सगळी मंडळी. साहेबांनी बूट पाहिला, डावा आहे याची खात्री केली, परत दिला. मग ते थांबले. दोन दाखले एकमेकांवर ठेवून त्यांनी उजेडात धरले.

“या दोघांच्या ओळखपत्राचा क्रमांक एकच आहे.”

एक दाखला होता ‘न्यायप्रिय नागरिक’. दुसरा ‘मुळीच पटत नाही’. आता हे दोघे आमच्या पानावरचे खंदे योद्धे. दोन वर्षं त्यांच्यात जुंपलेली. नागरिक म्हणायचा, नळाची वेळ सकाळची ठेवा, की दुसरा उसळून म्हणायचा, मुळीच पटत नाही! सारं गाव रोज वाचायचं. मी स्वतः ‘मुळीच पटत नाही’च्या बाजूने होते. नागरिकाचं बोलणं मला जरा आढ्यतेचं वाटायचं.

हे दोनच दाखले मी स्वतः भरून घेतले नव्हते. “ते दोघे लाजरे आहेत, मी आणून देतो,” असं डॉन विल्बर्थ म्हणाले होते, आणि मी घाईत क्रमांक पाहिले नव्हते. आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो.

“दोन्ही मीच,” ते म्हणाले.

“डॉन विल्बर्थ!”

“मग काय करू? अध्यक्ष झाल्यापासून मी काहीही म्हटलं की सगळे माना डोलवता. सभेत विचारावं, कोणाचा विरोध? तर एकजण हूं की चूं करत नाही. भांडायला समोर कोणी नको का माणसाला? एकट्याने किती दिवस बरोबर असायचं?” त्यांनी टोपी काढली. “आणि खरं सांगू? पुष्कळदा मला त्या दुसऱ्याचंच पटायचं.”

“मतं दोन दिलीत?” साहेबांनी विचारलं.

“दोघांनी दिली. त्या एकाच मुद्द्यावर त्यांचं जमलं.”

साहेबांनी एक दाखला बाजूला काढला. “एकोणपन्नास.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. गावाला परत जाऊन यायला दीड तास. सोराइदाने टोपली खाली ठेवली. “म्हणजे झरा गेला?” तिने विचारलं. डॉन विल्बर्थ दोन्ही हातांनी टोपी पिळत होते. बोळ्यासारखी झाली होती ती.

साहेब यादी खाली खाली वाचत होते. “एक ‘दुसरी उपविजेती’ आहे. तिचा दाखला का नाही? बाई कुठे असते?”

मी काय काय विचार केला ते सांगत नाही. त्यातले काही मला शोभणारे नव्हते. पण वरच्या अंगाचा तो झरा माझ्या आजोबांनी आणि इतर अकरा जणांनी पाईप खांद्यावर वाहून खाली आणला होता, आणि शेजारी एदगार उभा होता, गाडीची किल्ली बोटात फिरवत, आता बायको काहीतरी करेल अशा विश्वासाने. मी पिशवीच्या तळात हात घातला, फॉर्म काढला आणि तिथेच फळीवर ठेवून भरला. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. कारण: ‘अडतीस वर्षांपूर्वी उसाच्या जत्रेत सौंदर्यस्पर्धेत दुसरी उपविजेती ठरले.’

साहेबांनी वाचलं. वर पाहिलं. सगळी कारणं मागच्या बाजूसकट वाचलेला माणूस तो. त्याला आता थांबवता येणार नव्हतं.

“स्पर्धक किती होत्या?”

“फॉर्ममध्ये तो रकाना नाही.”

“नाही,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. “पण कारण दोन ओळींत आहे, आणि तुमची दुसरी ओळ कोरी आहे.”

मी दुसरी ओळ लिहिली. मग त्यांनी तो कागद माझ्याकडेच परत सरकवला. जागेवर भरलेला दाखला साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचावा लागतो, तसा नियम आहे म्हणे. आहे की नाही ते मी नंतर कधी तपासलं नाही.

मी वाचला. पहिली ओळ वाचताना एदगारने छाती पुढे काढली, नेहमीसारखी. “‘स्पर्धक,’” मी वाचलं, “‘एकूण तीन होत्या.’”

साहेबांनी तिसरं पेन काढलं.

“चार,” थोरल्या बाई म्हणाल्या.

मी मागे वळले.

“चार होत्या. ग्लोरिएला किरोसला आदल्या दिवशी गालगुंड झालं म्हणून ती उभी राहिली नाही. सरकारी कागद आहे, नोंद नीट कर.”

“तुमच्या लक्षात आहे?”

“अहो, मैदानात आम्हीच तर होतो,” सोराइदा म्हणाली. “मी बारा वर्षांची होते, पहिल्या रांगेत. टाळ्या कोण वाजवत होतं असं तुम्हाला वाटलं?”

“तुझा झगा पिवळा होता,” धाकट्या बाई म्हणाल्या. “शिवला हिनं.”

“मी नाही शिवला,” थोरल्या म्हणाल्या. “शिवला असता तर राणी झाली असती.”

डॉन एवेलिओंनी एकच दात दाखवून मान हलवली. त्या दिवशी बैलगाडीतून स्पर्धकांना त्यांनीच आणलं होतं म्हणे. मला ते आठवत नव्हतं. मला बैल आठवत होते.

मी एदगारकडे पाहायचं टाळत होते. शेवटी पाहिलं. तो साक्षीदाराच्या जागी सही करत होता.

“तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?”

“लग्नाच्या आधीच्या आठवड्यात कळलं. गावात चौकशी करायला आलो होतो ना.” त्याने सहीखाली रेघ ओढली. “चौकशी म्हणजे काय, तीन बायकांनी रस्त्यात अडवून सांगितलं.”

“मग इतकी वर्षं तुम्ही लोकांना ते—”

“काय खोटं सांगितलं? उपविजेती नव्हतीस का तू?”

ग्रेविनसाहेबांनी ‘तीन’च्या वर ‘एक गालगुंडामुळे अनुपस्थित’ असं बारीक अक्षरात लिहून घेतलं. माझी आद्याक्षरं घेतली. मग शिक्का उचलला, त्यावर ‘हाऽ’ करून फुंकर मारली आणि पन्नासाव्या दाखल्यावर मारला. तीनला चार मिनिटं कमी होती. डॉन विल्बर्थ “झालं!” असं ओरडले आणि लगेच स्वतःशीच पुटपुटले, “मुळीच पटत नाही, अपील येईल.” मग मात्र तेच आधी हसले.

परतीच्या वाटेवर मी मागे बसले, सोराइदाच्या भाकऱ्यांशेजारी. कोणी काही बोलेना. म्हणजे सगळे बोलत होते, पण झऱ्याबद्दल, पुलाबद्दल, चीज खारट झालंय का याबद्दल. अडतीस वर्षं या माणसांनी माझ्यासमोर हे असंच केलं होतं, आणि मला वाटत होतं की लपवतेय मी. पूल ओलांडला तेव्हा मला राहवलं नाही. मी पुढच्या खिडकीवर टकटक केली. थोरल्या बाईंनी काच सरकवली.

“बाई, मला आजवर कोणी एका शब्दाने सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कुठे?” त्या म्हणाल्या, आणि वारा लागतो म्हणून काच लावून घेतली.